मागच्या बाकाचा मालक

लोवेल हाउगेनला होडी हवी होती, असं त्याच्या बायकोला, बहिणीला आणि शेजारच्या पास्टर ऑल्सेनना वाटत होतं. ते खरं नाही. त्याला बाक हवा होता. होडीचा मागचा बाक, ज्यावर बसलं की इंजिनाचा दांडा हातात येतो. तो बाक सुटा विकत मिळत नाही, म्हणून होडी.

बाकाचं एवढं काय, असं ज्याला वाटत असेल त्याने एकदा मेव्हण्याच्या होडीत मधल्या बाकावर बसून पाहावं. लोवेल बहिणीच्या लग्नापासून बसत आला होता. मासे कुठे आहेत हे मागचा माणूस ठरवतो, मधला 'हो' म्हणतो. सँडविच कधी सोडायचं हे मागचा ठरवतो. इतकंच काय, लघवीसाठी किनाऱ्याला कधी लागायचं तेही मागच्याच्या मूत्राशयावर अवलंबून असतं. मधल्याने फक्त जाळी धरायची. गेल्या वर्षी मेव्हण्याच्या, म्हणजे ड्वेनच्या गळाला एक दांडगा वॉलाय मासा लागला आणि जाळीच्या काठावरून निसटला. ड्वेन ओरडला नाही. तो पाण्याकडे बघत एवढंच म्हणाला, "जाळी सगळ्यांनाच जमते असं नाही."

आता मिनेसोटातल्या आमच्या भागात असं बोलणं म्हणजे चारचौघांत थोबाडीत मारण्यासारखंच. आम्ही कोणाला वाईट म्हणत नाही. एखादी गोष्ट बेहद्द आवडली तर 'बरी आहे की' म्हणतो, आणि एखादी पाहवत नसली तर 'वेगळीच आहे हो' म्हणतो. कोणी जेवायला बोलावलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा बसायचं. यजमानाने दोनदाच विचारलं तर उपाशी घरी जायचं, पण पद्धत मोडायची नाही.

लोवेल तर या पद्धतीचा पुतळा. गावात चष्म्याचं दुकान, आणि गिऱ्हाइकाला 'हा चष्मा तुम्हाला शोभत नाही' असं एकदाही न म्हटल्यामुळे अर्धं गाव विचित्र चष्मे घालून हिंडत होतं. त्याची बायको रेनाटा मात्र शिकागोची. मनात आलं की त्याच मिनिटाला तोंडातून बाहेर. चर्चमधल्या बायका तिच्याबद्दल आवाज खाली आणून म्हणत, "मोकळी आहे हो स्वभावाने."

जाळीची गोष्ट ऐकल्यावर रेनाटाने स्वयंपाकघराचा ओटा बदलण्यासाठी साठवलेले पैसे काढून टेबलावर ठेवले.

"घे होडी. पण यात बसेल तीच, वर एक डॉलर नाही. आणि माझी एक अट आहे. मासेमारीचा मोसम उघडतो तो शनिवार आणि मदर्स डेचा रविवार दर वर्षी लागूनच येतात. तू तळ्यावर असतोस आणि मी तुझ्या बहिणीच्या घरी बसून ड्वेनच्या छपराच्या डांबरकामाच्या गप्पा ऐकते. यंदा मी होडीत येणार. मी पुढे, तू मागे."

"आणि मधे?"

"मधे जेवणाचा डबा."

इतकं सुंदर वाक्य लोवेलने लग्नानंतर ऐकलं नव्हतं. त्याला भरून आलं. तो म्हणाला, "बरं आहे की."

मग शोध सुरू झाला. जुनी अॅल्युमिनिअमची होडी घेणं हे मुलगी पाहण्यासारखं काम आहे, फक्त इथे मुलगी कशी आहे हे सांगायला मुलीकडचे तयार नसतात आणि पाहायला आलेल्याला विचारायची लाज वाटते. पास्टरांनी सल्ला दिला की होडी जुनी चालेल, पण मालक देवभीरू हवा. ड्वेन म्हणाला, "एवढ्या पैशांत होडी येते, पण मग मोजे भिजतात." एका होडीत खारींचं कुटुंब राहत होतं आणि मालकाला त्यांना उठवणं प्रशस्त वाटत नव्हतं. दुसरीचा मालक बाकावर हात फिरवता फिरवता रडायला लागला. लोवेलने त्याला कॉफी पाजली, त्याचा चष्मा फुकट नीट करून दिला आणि हात हलवत घरी आला.

शेवटी गेलनची होडी नजरेस पडली. गेलन म्हणजे शाळेत बँड शिकवून निवृत्त झालेला गृहस्थ. त्याच्या अंगणात होडी ताडपत्रीखाली, ट्रेलरवर, आणि मार्च असल्यामुळे कमरेइतक्या बर्फात उभी होती. लोवेल मुद्दाम एकटा गेला. रेनाटा असती तर होडीखाली रांगत गेली असती, आणि दुसऱ्याच्या होडीखाली रांगणं म्हणजे मालकाच्या तोंडावर त्याला लबाड म्हणणं.

घासाघीस झाली, पण आमच्या पद्धतीची. गेलनने किंमत सांगितली. लोवेल म्हणाला, "फार कमी सांगता." गेलन ओशाळला आणि आणखी कमी केली. लोवेल म्हणाला, "असं कसं, इंजिन पण आहे." गेलन म्हणाला, "इंजिन तसंच घ्या." लोवेलला घाम फुटला. तो वाढवायला बघत होता आणि गेलन उतरवत होता. शेवटी ट्रेलर, इंजिन, दोन तरंगजाकिटं आणि मुरवलेल्या हेरिंग माशांची एक बरणी एवढं सगळं ओट्याच्या पैशांत पदरात पडलं, आणि दोघांनाही आपण समोरच्याला लुटलं असं वाटून वाईट वाटलं.

हात मिळवताना गेलन ट्रेलरच्या चाकाकडे बघत म्हणाला, "थोडं पाणी घेते हं."

"सगळ्याच घेतात," लोवेल म्हणाला. विषय संपला.

होडी घरी आली तेव्हा पास्टर कुंपणापाशी आले, त्यांनी होडीकडे पाहिलं आणि टोपी काढली. आमच्याकडे टोपी मयताला काढतात. ड्वेन आला, होडीभोवती एक फेरी मारली आणि चक्क गप्प राहिला. ड्वेनला गप्प करणारी वस्तू आपल्या मालकीची आहे म्हणून लोवेलची छाती फुगली. तेवढ्यात होडीखालून रेनाटाचा आवाज आला.

"लोवेल, हिच्या पोटाला डांबर फासलंय. डांबराखाली न्हाणीघरातलं पांढरं लुकण आहे. पास्टर, तुमच्या टबाला आहे तसलंच. आणि सगळ्यात वर काहीतरी पितळी रंगाचं, ट्रम्पेटला लावतात तसं."

पास्टरना एकाएकी रविवारचं प्रवचन आठवलं. ड्वेनला छपराचं काहीतरी आठवलं. अंगणात लोवेल एकटा उरला.

पण पास्टर शेवटी पास्टर. सद्सद्विवेकबुद्धीने त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंपणापाशी आणून उभं केलं. "लोवेल," ते म्हणाले, "मी काही म्हणत नाही. पण होडी पाणी आत घेते की नाही हे जमिनीवर कळायचं असेल तर उलटं करावं. आत पाणी भरावं. बाहेर कुठे ठिबकतं ते दिसतं."

"तुम्ही करून पाहिलंय?"

पास्टर आकाशाकडे बघत म्हणाले, "असं ऐकलंय."

शहाणा माणूस वीतभर पाणी भरतो. लोवेलने काठोकाठ भरलं, कारण अर्धवट परीक्षा घेतली तर उरलेल्या भागावर अन्याय होतो असं त्याला वाटलं. नळी सोडून तो पाणी सोडण्याच्या भोकाचं मागचं बूच पुन्हा पुन्हा तपासत खाली उकिडवा बसला. ट्रेलर कण्हला. टायर बसले. पण थेंब नाही. रेनाटा टॉर्च घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत सरपटली. कोरडी ठणठणीत. होडी नव्हे, रांजण. लोवेलने गॅरेजमध्ये हातवारे करत जे काही केलं त्याला आमच्याकडे नाच म्हणत नाहीत, पण दुसरा शब्द नाही.

आनंदाच्या भरात पाणी सोडायचं राहिलं. आणि आमचा एप्रिल म्हणजे वसंत ऋतू हे फक्त कॅलेंडरवाल्यांचं मत आहे. सकाळी गॅरेज उघडलं तेव्हा होडीत टणक, निळसर, आरपार बर्फ झाला होता आणि लोवेलची पाण्याची नळी त्यात एका टोकाने कायमची रुतली होती.

गावाला करमणूक झाली. लोक कॉफीचे थर्मास आणि लिंबाच्या वड्या घेऊन आले. प्रत्येकाने बर्फावर टिचकी मारली आणि सल्ला दिला. मीठ टाका. मीठ टाकू नका, अॅल्युमिनिअम खातं. ड्वेन हिवाळ्यातलं मासेमारीचं स्टूल घेऊन आला, होडीतल्या बर्फावर मांडून बसला आणि त्याने बर्फाला भोक पाडून गळ सोडला. "लोवेल," तो म्हणाला, "तुझ्या होडीत मासे नाहीत." सगळे सभ्यपणे हसले. लोवेलही हसला. आत मात्र त्याचं काळीज चरचरत होतं. आपल्या होडीत पहिला माणूस बसला तो ड्वेन, आणि बसला तोही मागच्या बाजूला.

अग्निशमन दलाच्या शेडमध्ये ऊब असते, तिथे होडी नेऊन बर्फ सुटा करावा असं ठरलं. लोवेलने गाडीला ट्रेलर जोडला आणि बैलगाडीच्या वेगाने निघाला. चौकात मत्स्यखात्याच्या अधिकाऱ्याने हात केला. तरुण, नम्र, नवीन.

"माफ करा हं, होडीत पाणी आहे का? एका तळ्याचं पाणी दुसरीकडे न्यायला बंदी आहे."

"पाणी नाही. बर्फ आहे."

"कुठल्या तळ्याचा?"

"आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा."

अधिकाऱ्याने वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठ म्हणाले, ओतून टाकायला सांग. अधिकारी म्हणाला, ओतला जात नाही. वरिष्ठ म्हणाले, मग पुढे जाऊ देऊ नको. अधिकारी म्हणाला, मागेही जाता येत नाही, टायर बसलाय. शेवटी असं ठरलं की होडी शेडपर्यंत जाईल, पण सरकारी देखरेखीखाली. अधिकारी आपली गाडी दिवे लावून मागे हळूहळू निघाला. समोरून येणाऱ्या गाड्यांनी हे पाहिलं, अंत्ययात्रा समजून त्या कडेला थांबल्या, आणि पुरुषांनी टोप्या काढल्या. लोवेलला काय करावं कळेना. त्याने मान लववून प्रत्येकाचे आभार मानले.

शेडमध्ये बर्फ कडेने सुटला आणि दलाच्या लोकांनी तो अखंड बाहेर ओढून हिरवळीवर ठेवला. हुबेहूब होडी, बाकांच्या खाचांसकट. पोरांनी तिच्यावर झेंडा रोवला.

"ही घ्यायला हवी होती," रेनाटा म्हणाली. "बर्फ निदान बुडत नाही."

"आपली पण बुडत नाही," लोवेल दुखावून म्हणाला. "काठोकाठ भरली होती. थेंब गळला नाही."

आणि मोसमाचा शनिवार उजाडला. धक्क्यावर गावातली झाडून सगळी माणसं होड्या घेऊन हजर. धक्क्याच्या बाकड्यावर नेहमीप्रमाणे वर्नेल टोफ्टे थर्मास घेऊन बसले होते. वय झालं, हात थरथरतात, म्हणून बऱ्याच वर्षांपूर्वी होडी विकली होती, पण हा शनिवार ते चुकवत नसत. लोवेलने मागचं बूच तपासलं. पुन्हा तपासलं. होडी पाण्यात उतरवली. रेनाटा पुढे बसली, मधे डबा ठेवला, आणि लोवेल हाउगेन मागच्या बाकावर बसला. दांडा हातात आला. इंजिन दुसऱ्या ओढीला लागलं. तळं असं चकाकत होतं आणि हवा अशी गार गोड होती की त्याला गावंसं वाटलं, आणि तो गायलाही, अगदी हळू, कोणाला त्रास होऊ नये म्हणून.

जरा पुढे गेल्यावर जेवणाचा डबा त्याच्याकडे चालत आला.

"लोवेल," रेनाटा म्हणाली, "डबा तरंगतोय."

पाणी मधल्या बाकाखालच्या फळीच्या फटीतून वर येत होतं. सावकाश, पण ठाम. लोवेलने मागच्या बुचाला हात लावला. बूच जागच्या जागी. त्याने मान वर केली तर डावीकडे ड्वेनची होडी, उजवीकडे पास्टरांची, मागे गेलनची. एवढं मोठं तळं सोडून तिघे याच कोपऱ्यात गळ टाकून बसले होते, आणि तिघांपैकी कोणाच्याच गळाला आमिष नव्हतं.

"आमच्याकडे आइस्क्रीमची एक रिकामी बादली जास्तीची आहे," पास्टर पाण्याकडे बघत म्हणाले. "लागली तर."

"माझ्याकडे पण आहे," गेलन म्हणाला.

ड्वेनने आपली बादली सरळ फेकली, आणि रेनाटाने ती हवेतच झेलली.

लोवेलच्या डोक्यात उजेड पडायला इतका वेळ लागला, कारण तो स्वभावाने चांगला आहे. "पास्टर," तो पाणी उपसत म्हणाला, "ही होडी तुमची होती?"

"काही काळ."

"मग?"

"मग माझी," ड्वेन म्हणाला. "एकच उन्हाळा. तुला दाखवली नाही."

गेलनने नुसता हात वर केला, वर्गात करतात तसा.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे तीन मुठी एकामागून एक झाकल्या गेल्या होत्या आणि लोवेलच्या मोज्यांपर्यंत पाणी आलं होतं. त्याचा चेहरा पडला. रागापेक्षा वाईट वाटत होतं. ओटा गेला, मदर्स डे गेला, आणि पुढच्या वर्षीपासून पुन्हा जाळी.

उपसत उपसत ते धक्क्याला लागले. मागोमाग बाकीचे तिघेही आले, सांत्वनाला. रेनाटा गुडघ्यापर्यंत भिजलेली वर चढली आणि थेट वर्नेलसमोर जाऊन उभी राहिली.

"वर्नेल, पास्टरांच्या आधी ही होडी तुमची होती?"

"हो."

"ती गळते का?"

गावात असा प्रश्न याआधी कोणी कोणाला विचारलेला नव्हता.

वर्नेलनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक जाडजूड रबरी बूच काढलं. खिशात राहून राहून ते गुळगुळीत झालं होतं.

"हे लावलं नाही तर गळते," ते म्हणाले. "मधल्या बाकाखाली मासे जिवंत ठेवायला पेटी केली होती मी. तिच्यात तळ्याचं पाणी यावं म्हणून तळाला भोक पाडलं. पुढे पेटी काढली, वर फळी टाकली. भोक आहे तिथेच आहे."

"पण आम्ही पाणी भरून पाहिलं," लोवेल म्हणाला. "थेंब गळला नाही."

"ट्रेलरवर कशी गळेल? ते भोक बरोबर ट्रेलरच्या गादीवर बसतं. जितकं पाणी भराल तितकं घट्ट."

"मी पण भरलं होतं," पास्टर पुटपुटले. "मला वाटलं, माझीच श्रद्धा कमी पडते."

"वर्नेल," रेनाटा कपाळाला हात लावून म्हणाली, "ही सगळी माणसं तुमच्या डोळ्यांसमोर एकेक करून बुडाली. सांगितलं का नाही?"

"बूच खिशात राहिलंय हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. पण पास्टर म्हणाले होते, मी सगळं नीट बघून घेतलंय. आता जाऊन सांगायचं म्हणजे, तुम्ही नीट बघितलं नाही, असं म्हणण्यासारखं झालं. मग त्यांनी विकली, मला न सांगता. मग मी कसा विषय काढणार? दर वर्षी बूच खिशात घेऊन येतो इथे. कोणी विचारलं तर द्यावं म्हणून. कोणी विचारलंच नाही."

बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं विकलं जात नाही म्हणतात. आमच्या गावात न बोलणाऱ्यांनी एक धडधाकट होडी चारदा विकली होती.

बूच बसलं. असं बसलं की पाण्याचा बुडबुडासुद्धा आला नाही. होडी उपसली, कोरडी केली. वर्नेल तिच्याकडे अशा काही नजरेने बघत होते की लोवेलला राहवेना.

"वर्नेल, चला आमच्याबरोबर."

"नको नको, मी बरा आहे इथे."

"चला की."

"छे, तुम्हाला अडचण."

लोवेलने पद्धतीप्रमाणे श्वास घेतला. "खरंच चला."

"तुम्ही एवढं म्हणताच आहात तर," वर्नेल म्हणाले, आणि पोराच्या चपळाईने होडीत उतरले. उतरले ते सरळ मागच्या बाकावर. इतक्या वर्षांची सवय. थरथरणारा हात दांड्यावर पडला आणि थरथरायचा थांबला.

रेनाटा पुढे बसली. लोवेलसाठी उरला मधला बाक. ड्वेनने आपल्या होडीतून अदबीने जाळी पुढे केली.

लोवेलने जाळी घेतली. बसला. रेनाटाने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवर वाक्य आलेलं त्याला स्पष्ट दिसलं, आणि ती ते गिळताना, आयुष्यात पहिल्यांदा गिळताना, त्याने पाहिलं. ती वाट बघत होती.

इंजिन लागलं. लोवेलचे कान तापले. मागे वळून पाहिलं तर म्हातारा माणूस, सुखाने डोळे मिटलेला, आणि अशा माणसाला काही म्हटलं असतं तर सात पिढ्यांचे हाउगेन थडग्यांत कुशीवर वळले असते.

"वर्नेल," तो म्हणाला. आवाज नको तेवढा मोठा निघाला, साऱ्या धक्क्याने ऐकला. "ती माझी जागा आहे."

वर्नेलनी डोळे उघडले. बाकाकडे पाहिलं, लोवेलकडे पाहिलं आणि लगेच उठले.

"अरे हो की," ते म्हणाले. "मग आधीच नाही का सांगायचं?"

ते मधल्या बाकावर आले आणि त्यांनी जाळी मांडीवर घेतली. लोवेल मागे गेला, बसला, दांडा धरला. होडी तळ्याच्या मध्याकडे निघाली, कोरडी. तिथे पोचेपर्यंत त्याने वर्नेलची तीनदा माफी मागितली, आणि वर्नेलनी ती पहिल्या दोन वेळा नको म्हणून तिसऱ्यांदा स्वीकारली.